अडतीस निळे दिवे

चौगुले मॅडमना सव्वीस वर्षांच्या नोकरीत एका प्रश्नाचं उत्तर नेहमी एकच मिळालं होतं. धडा संपला की खडू खाली ठेवायचा, हात झटकायचे आणि विचारायचं, “समजलं का रे?” मग वर्गानं छप्पर उडेल अशा सुरात ओरडायचं, “होऽऽ मॅडम!” या होकारात पहिल्या बाकावरचे हुशार असत, शेवटच्या बाकावरचे पेंगणारे असत, आणि धडा कोणता चाललाय हेही ज्यांना ठाऊक नसे त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा असे. मॅडमना हे कळत नव्हतं अशातला भाग नाही. पण तो होकार कानावर पडला की तास पार पडल्यासारखं वाटायचं, आणि असे तास पार पाडता पाडता सव्वीस वर्षं निघून गेली.

एसटीच्या शेवटच्या डिझेल गाड्या भंगारात निघाल्या, त्या वर्षी माळेवाडीच्या हायस्कुलात टिकल्या आल्या. सरकारी कागदात त्यांचं नाव ‘बोधमापक’ होतं. पण मनगटावर आतल्या बाजूला चिकटवायची ती बारकी गोल चकती पाहून दहावीच्या पोरींनी पहिल्याच दिवशी तिचं बारसं उरकलं. टिकलीबरोबर मुठीत मावेल अशी चार बटणांची एक पेटीही प्रत्येकाला मिळाली.

पेट्या तशा जुन्याच. मॅडम नोकरीला लागल्या तेव्हाही शहरातल्या काही शाळांत त्या होत्या. पडद्यावर प्रश्न यायचा, खाली चार पर्याय, पोरांनी बटण दाबायचं, की किती जणांचं बरोबर ते शिक्षकाला तिथल्या तिथे दिसायचं. त्यात खोट एकच होती. डोळे मिटून बटण दाबलं तरी चौघांत एकाचं बरोबर येतंच. टिकलीनं ती खोट काढली. माणूस अंदाजानं उत्तर देतो तेव्हा त्याचा अंगठा एका बटणाकडे निघतो, वाटेत बिचकतो, दुसऱ्याकडे झुकतो. तळव्याला डोळ्यांना न दिसणारा घाम येतो आणि त्यामुळे कातडीतून वीज जराशी सहज वाहते. नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर बदलतं. टिकली हे सगळं मोजायची आणि ठरवायची, की हे पोर खात्रीनं सांगतंय की ठोकून देतंय.

मग भिंतीवरच्या पडद्यावर प्रत्येकाचा एकेक दिवा लागायचा. उत्तर बरोबर आणि खात्रीचं असेल तर हिरवा. बरोबर, पण अंदाजपंचे, तर पिवळा. चुकलेलं आणि मनातून धास्तावलेलं, तर तांबडा. आणि उत्तर चुकलेलं, पण गडी ‘माझंच खरं’ म्हणून ठाम, तर निळा. भिंतीवर दिव्यांना नावं नसत. कोणता दिवा कुणाचा, हे फक्त मॅडमच्या टेबलावरच्या पाटीवर दिसे.

पहिल्या दिवशी मॅडमनी विजेचा धडा घेतला. नेहमीसारखा रंगवून घेतला. शेवटी “समजलं का रे?” झालं, छप्पर उडालं, आणि मग त्यांनी पडद्यावर प्रश्न लावला: एकामागे एक जोडलेले दोन सारखे दिवे, तर जास्त उजळ कोणता?

सात हिरवे. अकरा पिवळे, चौदा तांबडे, सहा निळे.

मॅडम पडद्याकडे बघतच राहिल्या. आत्ताच तर अडतीस जण गळा फाडून हो म्हणाले होते. निळ्यांतला एक विहान सुतारचा होता. वर्गात सगळ्यांच्या वतीनं बोलायचा मक्ता त्याच्याकडे असायचा.

“विहान, तुला कोणता वाटला?”

“पयला मॅडम. डाऊटच न्हाई.”

“का रे?”

“पाटाचं पाणी आदी ज्याच्या रानात जातंय, त्याचाच ऊस चांगला येतोय की. शेवटच्याला काय मिळतंय?”

वर्ग हसला. मॅडम मात्र हसल्या नाहीत, त्यांना त्या पोराचा मुकाच घ्यावासा वाटला. सव्वीस वर्षं त्या हा धडा शिकवत होत्या, आणि पोरांच्या डोक्यात तारेऐवजी पाट वाहतोय हे त्यांना आज कळत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तोच धडा घेतला, पण पाटापासून सुरुवात करून. या पाटाचं पाणी रानात मुरत नाही, फिरून परत मोटारीकडेच येतं, असं सांगितल्यावर विहानचा चेहरा पहिल्यांदा पडला आणि मग उजळला.

इथवर टिकलीसारखी गुणाची वस्तू दुसरी नव्हती. पण सरकारी वस्तू एकटी येत नाही, तिच्यामागून परिपत्रक येतं. हिरव्याला एक, पिवळ्याला अर्धा, असा हिशोब करून वर्गाचा ‘बोधांक’ शंभरात काढायचा. सत्रअखेर तो साठाच्या खाली राहिला, तर तो विषय त्या वर्गाला मध्यवर्ती पडदा शिकवणार. पडद्यातला शिक्षक माणूस नव्हता, पण चित्रं सुरेख काढायचा, कधी चिडायचा नाही, आणि प्रत्येक पोराच्या टिकलीवर नजर ठेवून आपला वेग बदलायचा. वर्गातल्या शिक्षकानं मागं बसायचं. त्याला परिपत्रकात ‘सहायक’ म्हटलं होतं.

पहिल्या महिन्यात दहावीचा बोधांक एक्केचाळीस भरला. हेडमास्तर केसरकर सरांनी मॅडमना व्हरांड्यात गाठून आकडा सांगितला.

“मॅडम, हे असंच राहिलं तर दिवाळीनंतर तुमच्या जागी पडदा. मग मी तरी काय करणार?”

मॅडम “बघू” म्हणाल्या. त्यांना विज्ञान शिकवण्याखेरीज दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही यावं असं कधी वाटलंही नव्हतं. नवरा चिडवायचा, की तू भाजीतही आधी प्रयोगाचा उद्देश सांगतेस. वर्गाच्या मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसलेली स्वतःची मूर्ती त्यांच्या डोळ्यांपुढे येई आणि त्या घाईनं दुसरं काहीतरी करायला घेत.

आणि मग चमत्कार झाला. पुढच्याच आठवड्यात पंचवीस हिरवे लागले. मग बत्तीस. मग एका बुधवारी अडतीसच्या अडतीस. भिंत नुसती कोवळ्या भातासारखी दिसत होती. मॅडमनी त्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांना पेढे वाटले आणि केसरकर सरांना मुद्दाम दोन दिले. आपल्या शिकवण्याला या वयात नवी पालवी फुटली, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलंसुद्धा. अगदी अरमान मुजावरचा दिवासुद्धा हिरवा होता. अरमान म्हणजे शेवटच्या बाकावरचा थोराड, अबोल मुलगा. दहा वर्षांत त्याचा आवाज हजेरीपलीकडे कुणी ऐकला नव्हता.

असे सहा आठवडे सुखात गेले. सातव्या आठवड्यात उष्णतेचा धडा आला आणि मॅडमनी पडद्यावर एक घरगुती प्रश्न लावला. दोन पातेल्यांत बटाटे. दोन्हींतलं पाणी उकळतंय. एकाखाली मंद आच, दुसऱ्याखाली भडका. लवकर कुठले शिजतील?

पटापट बटणं वाजली. भिंत निळी झाली. टोकापासून टोकापर्यंत, अडतीसच्या अडतीस.

मॅडमना आधी यंत्रच बिघडलं असं वाटलं. निळे दिवे फार तर पाच-सहा लागत, कारण पोरं चुकतात ती आपापल्या परीनं चुकतात. याच वर्गाचं सहलीला कुठं जायचं यावर दोन आठवडे भांडण झालं होतं. ती अडतीस पोरं एकाच चुकीवर, कुणाचा अंगठा जराही न अडखळता, एकत्र येतात म्हणजे काय? मॅडमनी वर्गावरून नजर फिरवली. सगळे पडद्याकडे बघत होते. एकटी ईश्वरी बुगडे खाली बघत होती. पहिल्या बाकावर मधोमध बसणारी, वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी, कानापर्यंत लाल झाली होती.

“ईश्वरी, इकडं ये. फळा पूस जरा.”

ईश्वरी उठली. ती पाठमोरी फळा पुसत असताना मॅडमनी दुसरा प्रश्न लावला. या वेळी बटणं वाजायला वेळ लागला. पोरं एकमेकांकडे, छताकडे, ईश्वरीच्या रिकाम्या जागेकडे बघू लागली. भिंतीवर चार हिरवे लागले, बाकी सगळे पिवळे आणि तांबडे.

“काय करत होता रे?” मॅडमनी शांतपणे विचारलं.

मक्तेदार विहान उठला. “मॅडम, ईश्वरी हात मागं घेऊन वेणी धरायची. जेवढी बोटं वेणीवर, तेवढ्या नंबरचं बटण.”

समोर उभ्या असलेल्या मॅडमना वेणी दिसायचीच नाही, आणि मागच्या सगळ्या वर्गाला ती दिसायची. ईश्वरीचं उत्तर चुकणार नाही याची पोरांना इतकी खात्री होती, की अंगठे बिचकत नव्हते, तळवे घामेजत नव्हते, नाड्या संथ चालत होत्या. टिकली खात्री मोजायची. ती खात्री धडा समजून आलीय की मैत्रिणीच्या वेणीवरून, हे तिला कुठून कळणार?

“आणि आज?”

ईश्वरी रडायलाच लागली. “चुकलं मॅडम. आई म्हणते, बटाटं शिजंनात तर जाळ वाढव. म्हणून मी दोन बोटं धरली. माझ्या एकटीमुळं सगळ्यांचं निळं झालं.”

सहा आठवडे फसवल्याबद्दल नव्हे, तर उत्तर चुकल्याबद्दल ती माफी मागत होती. मॅडमना हसू आलं आणि ते त्यांनी कसंबसं गिळलं.

“पण हे कशासाठी?”

“हेडसर व्हरांड्यात बोलले ते आम्ही ऐकलंय,” विहान म्हणाला. “साठाच्या खाली गेलं की तुमच्या जागी पडदा बसणार. आम्हाला नको पडदा. आम्हाला तुम्हीच पाहिजे की, मॅडम.”

मॅडम वळल्या आणि ईश्वरीनं स्वच्छ पुसलेला फळा पुन्हा पुसत बसल्या. सव्वीस वर्षांत त्यांना दोन शाली मिळाल्या होत्या आणि एक आदर्श शिक्षिकेचं प्रमाणपत्र. पण कुणी त्यांच्यासाठी एवढा उपद्व्याप केला नव्हता. पोरांना रागवायला हवं हे त्यांना कळत होतं. पण त्या दिवशी रागावणं काही जमलं नाही.

त्यानंतर दोन दिवस मॅडमनी काहीच केलं नाही, हेही सांगायला हवं. आठवड्यांचे आकडे तालुक्याला गेले होते, सत्राचा बोधांक सत्तरच्या पुढे होता. पोरं प्रेमानं वागली होती. आपण गप्प बसलो तर कुणाचं काय बिघडणार होतं? असा विचार करत तिसऱ्या दिवशी त्या वह्या तपासायला बसल्या आणि अरमानची वही हातात आली. पडद्यावरच्या प्रश्नांची सगळी उत्तरं त्यात बरोबर उतरवलेली होती. ‘कारण द्या’च्या पुढची प्रत्येक ओळ कोरी होती. त्याआधीचा महिनाभर अरमानचा दिवा तांबडा असायचा, तेव्हा मॅडम रोज त्याच्या बाकाजवळ जाऊन बसायच्या. गेले सहा आठवडे तो हिरवा होता, म्हणून गेले सहा आठवडे त्या त्याच्याकडे फिरकल्याच नव्हत्या.

ती वही घेऊन त्या तशाच केसरकर सरांच्या खोलीत गेल्या.

“सर, सहा आठवड्यांच्या नोंदी रद्द करायच्या. मी तसं तालुक्याला लिहून देते.”

“अहो, काय बोलताय मॅडम? पोरांनी तुमच्यासाठीच केलंय, कुणाला कळणारही नाही. गप्प बसा.”

“मार्चमध्ये पेपर लिहायला ईश्वरीची वेणी नाही बसणार प्रत्येकाच्या पुढं.”

सरांनी कागद पुढे सरकवला. “लिहा. पण मग तालुक्याहून तपासणी येईल आणि सगळं त्या दिवसावर जाईल. त्या एका तासाचा आकडा तोच तुमचा बोधांक.”

तपासणीला तीन आठवडे होते. मॅडमनी वर्गाला सगळं खरं खरं सांगितलं. नोंदी रद्द झाल्यात, त्या दिवशी साठ पडले नाहीत तर मी मागच्या बाकावर बसणार, आणि तरीही वेणी बंद. मग त्यांनी जीव तोडून शिकवलं. शाळेच्या चुलीवर दोन पातेल्यांत बटाटे लावले, दोन्हींत तापमापी सोडल्या. मंद आचेवरही शंभर, भडक्यावरही शंभर! वाढवलेला जाळ पाण्याला जास्त तापवत नाही, नुसती वाफ करण्यात खर्ची पडतो, हे पोरांनी डोळ्यांनी पाहिलं आणि एकाच वेळी शिजलेले बटाटे मीठ लावून खाल्ले. ईश्वरीनं घरी जाऊन आईला शहाणपण शिकवलं आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली.

तपासणीला विस्तार अधिकारी रेडेकर साहेब आले. मनुष्य सज्जन होता. त्यांनी चहा नाकारला आणि मागं खुर्ची टाकून बसले. त्या दिवशीचे प्रश्न यंत्रच निवडणार होतं. पहिला प्रश्न आला: बर्फ वितळत असताना त्या पाण्याचं तापमान वाढतं, घटतं, आहे तेच राहतं की सांगता येत नाही?

मॅडमची नजर नको म्हणत असतानाही पहिल्या बाकाकडे गेली. ईश्वरीनं बटण दाबलं, पेटी खाली ठेवली आणि दोन्ही हातांची घडी घालून समोर बाकावर ठेवली. तिच्या पाठीवरच्या मोकळ्या वेणीकडे मागच्या बाकांवरचं एकही पोर बघत नव्हतं. जो तो आपल्या मुठीत बघत होता. विहानचे ओठ हलत होते, बहुधा तो बटाटे आठवत होता. अरमानचा अंगठा निघाला, थांबला, परत फिरला. आपलं चुकलं तर मॅडम जाणार हे त्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि शेजारी उत्तर तयार आहे हेही. तरी कुणी मान वर केली नाही. मॅडमना त्या क्षणी पोरांचा इतका अभिमान वाटला, की आकडा काय येतोय हे बघायचंच त्या विसरल्या.

दहा प्रश्नांनंतर सरासरी निघाली. सतरा हिरवे, नऊ पिवळे, नऊ तांबडे, तीन निळे. बोधांक सत्तावन्न.

“आणखी दोन हिरवे लागले असते तर झालं असतं हो,” रेडेकर साहेब खरोखर हळहळले. “मॅडम, तुम्ही लिहून दिलं नसतं तर मला यावंही लागलं नसतं.”

“माहितीय साहेब,” मॅडम म्हणाल्या.

दिवाळीची सुट्टी संपून सोमवारी शाळा भरली ती पडद्यापुढे. मॅडम शेवटच्या बाकामागे खुर्ची घेऊन बसल्या. हाताची घडी घालायची नाही, एवढं त्यांनी घरूनच ठरवून आणलं होतं. धडा प्रकाशाच्या अपवर्तनाचा होता. पाण्यातलं नाणं खऱ्यापेक्षा वर का दिसतं, हे पडद्यानं फारच सुंदर समजावलं. किरण पाण्यातून बाहेर येताना वाकतो ते त्यानं सोनेरी रेघेनं काढून दाखवलं. आपल्याला असं चित्र जन्मात काढता आलं नसतं, हे मॅडमनी प्रामाणिकपणे मान्य केलं, आणि त्यांना जरा रडूही आलं.

“आता प्रश्न,” पडदा गोड आवाजात म्हणाला. बटणं वाजली. सदतीस दिवे लागले. एक लागला नाही.

“एका विद्यार्थ्याचं उत्तर यायचं आहे,” पडदा म्हणाला आणि वाट बघू लागला.

अरमान मुजावरनं पेटी बाकावर ठेवली होती आणि हात वर केला होता. तो पडद्याला दिसायचा संभव नव्हता, कारण पडद्याला बटणं कळायची, हात कळत नव्हते. अर्धं मिनिट गेलं. अरमानचा हात तसाच वर. मग मधल्या ओळीतल्या एका पोरीनं आपला हात वर केला, मग विहाननं, मग आणखी दोघांनी.

“उत्तर मिळालेलं नाही. सहायक शिक्षकांनी लक्ष द्यावं,” पडदा म्हणाला आणि चित्र थिजलं.

मॅडम उठल्या, पण त्यांच्या मनात पाल चुकचुकली. त्या अरमानच्या बाकाशी येऊन उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “खरं सांग. परत ठरवून केलंय काय रे हे?”

अरमाननं नकारार्थी मान हलवली. मॅडमनी वर्गाकडे पाहिलं. वर केलेले हात पाच होते. बाकीच्यांचे हात खालीच होते, ईश्वरी तर गोंधळून मागं बघत होती. ठरवून केलं असतं तर अडतीस हात वर असते.

“नाही मॅडम,” अरमान म्हणाला. त्याचा आवाज चांगलाच फुटला होता, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. “मला खरंच कळालं नाही.”

सव्वीस वर्षांत मॅडमना वर्गात हे वाक्य कुणी ऐकवलं नव्हतं. त्यांनी त्याच्या शेजारच्या पोराला सरकायला सांगितलं, त्या बाकावर त्याच्या जवळ बसल्या आणि त्याची वही पुढं ओढली.

“बरं,” त्या म्हणाल्या. “कुठपर्यंत कळलं, तिथून सांग.”